राजीनाम्याची जिलेबी

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी जुनं भांडण मिटवायला बसलेय.

मंदी सरली म्हणतात. तारापूरच्या रस्त्यावर ट्रक पुन्हा भरून जायला लागलेत, आमच्या कारखान्यात दुसरी पाळीही सुरू झाली. पगार मात्र मंदीतच अडकलाय. तुझ्या नातवाच्या टेम्पोला आठवड्यात दोन-तीनच भाडी मिळतात. घरात सिलिंडर पुरवून वापरतो, आंघोळीचं पाणी चुलीवर, रविवारी कोंबडीच्या जागी सुकट. त्याचं काही नाही, सुकटीवरच वाढलेली हाडं आहेत ही. पण गेल्या आठवड्यात साहेबांनी पॅकिंगच्या आम्हा नऊ जुन्या बायकांना बोलावलं आणि एकेक कागद पुढे केला. "नेहमीचंच आहे मावशी, सही करा. सोमवारपासून ठेकेदाराकडून या. काम तेच, जागा तीच."

मला तुझी जिलेबी आठवली. कुंभवलीच्या खोलीत आई भाकरी थापतेय, मी चुलीशी, आणि तू दारातूनच ओरडतोस, "पगार वाढला गं!" हातात तेलकट पुडा. डोंगरातली पावसाच्या भरवशाची शेती सोडून तू कारखान्यात कायम झाला होतास, त्यात ही वाढ. शेजारीपाजारीही जिलेबी वाटलीस. महिना भरला तेव्हा कळलं, तुझा अंगठा राजीनाम्यावर लागला होता. वाढ राहिली बाजूला, तू ठेकेदाराचा हमाल झालास. मी बारा वर्षांची, जीभ सुरीसारखी. सगळ्यांसमोर म्हटलं, "वाचता येत नाय तर कुणाला इचारायचं तरी!" तू भाकरी मोडत म्हणालास, "इचारलं गं. सायबालाच इचारलं."

त्यानंतर कित्येक दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. शाळा सुटलेलीच होती. अक्षरं मी किराण्याच्या पुड्यांवरून, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून जुळवत बसायची. तू चिडवायचास, "कारकून व्हायची काय गं तू?" आणि दुसऱ्या दिवशी पोत्यावरचं छापील लेबल न फाडता सोडवून खिशातून आणायचास.

तर साहेबांनी दिलेला तो कागद मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. चौथ्या ओळीत होतं, 'स्वखुशीने राजीनामा'. मागची एक म्हणाली, "अगं बाय, माजी खुशी ह्यांनी कवा बगितली?" बायका हसल्या, साहेब नाही हसले. मी म्हटलं, "साहेब, हे आवळा देऊन कोहळा काढणं झालं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आमी सही करत नाय."

घरी मुलगा तापला. "आई, ठेकेदाराचे पैसे कमी का होईनात, येतील तर! उद्या त्यांनी गेटवरच अडवलं तर खायचं काय?" सून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमचं डोकं खाऊ. चार दिवस पुरंल." मग मला म्हणाली, "आई, तुमी माघार घेऊ नका. मी वालाच्या शेंगा घेऊन बोईसरच्या बाजारात बसते." बसलीसुद्धा.

पाच दिवस आम्ही नऊजणी वेळेवर गेटवर जाऊन उभ्या राहिलो. सहाव्या दिवशी आत घेतलं. काम आठवड्याचे चारच दिवस, पगारही तेवढ्याचाच, पण हजेरी कंपनीची. ओढाताण होणार आहे. होऊ दे. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी तिथून हलत नाही.

हे पत्र टाकणार कुठे? आणि टाकलं तरी तुला वाचून कोण दाखवणार? म्हणून एक गोष्ट सांगून टाकते, ती घरातही कुणाला ठाऊक नाही. मोठ्याने वाचायच्या आधी मी तो कागद मनात वाचला होता. सगळं कळलं होतं. तरी पेन टेकवलं, बा. नावाचं पहिलं अक्षर काढूनही झालं होतं, तेवढ्यात मागचीने विचारलं, "तू करतेस ना? मंग आमी बी करतो." तेव्हा हात थांबला. बायका आता मला धीराची म्हणतात, आणि मी त्यांना म्हणू देते.