निकालाचं मागचं पान

३ फेब्रुवारी
निकालाची नक्कल टपालाने आली. धाकट्या भावाला कोर्टाने मृत मानलं, हे वकिलांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. घर दोघांच्या नावावर. विकायला आता त्याची सही नको. मुलगा खूश. नक्कल मात्र मी मागवली नव्हती. नातीचं काम असणार — कायदा शिकते ना!

४ फेब्रुवारी
नात म्हणाली, "आजोबा, आधी आदेश वाचा, मग मागे या." म्हटलं, शाळेत कवितेचं शेवटचं कडवं आधी वाचलं तर गुरुजी बाकावर उभं करायचे. "मग बसा चाल लावत." तरी समजावलं तिने — आधी हकीकत, मग मुद्दे, पुरावा, कारणं, शेवटी आदेश. म्हणजे पाच कडवी. रोज एक वाचणार.

५ फेब्रुवारी
हकीकत. 'अर्जदाराचा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी घरातून निघून गेला.' बस्स. निळा सदरा नाही, जिन्यात थांबून चपलेचा अंगठा ठीक करणं नाही. अर्जदार म्हणजे मी. ओळखीचा वाटला नाही.

६ फेब्रुवारी
मुद्दे. सात वर्षं खबर नसली की कायदा माणसाला मृत मानतो, म्हणे. 'गेल्या सात वर्षांत घरच्यांना त्याची काहीच खबर मिळाली नाही, हे सिद्ध होते काय?' समोर — 'होय.' प्रश्नपत्रिकेतच उत्तर छापून यावं तसं.

८ फेब्रुवारी
पुरावा. परिच्छेद नऊ, माझंच वाक्य : 'तो गेल्यापासून मला त्याचे पत्र वा निरोप आलेला नाही.' खाली पेन्सिलीची नागमोडी रेघ.
शाळेत आम्हा दोघांत कवितांचं एकच पुस्तक. अडलेल्या शब्दाखाली धाकटा अशीच रेघ ओढायचा. "दादा, याचा अर्थ?"
नातीला विचारलं. "मी कशाला कोर्टाच्या कागदावर खरडू? आणि नक्कल मी मागवलीच नाही. बाबांना विचारा."

९ फेब्रुवारी
मुलगाही नाही म्हणतो.

१० फेब्रुवारी
कारणं. न्यायाधीश लिहितात, अर्जदाराची साक्ष सरळ व विश्वासार्ह आहे. बारावा परिच्छेद नवव्यावर उभा, तेरावा बाराव्यावर, आदेश तेराव्यावर. सगळा डोलारा माझ्या एका वाक्यावर.
पत्र आलं होतं. पाच वर्षांपूर्वी. 'दादा, बरा आहे. इतक्यात येत नाही. माझी खोली ठेव.' त्याच कवितांच्या पुस्तकात दडवलं, कोणाला दाखवलं नाही. घर विकायला मुलाची घाई, आणि मी वाट पाहून थकलेला. वाटलं, कोर्टानेच गेला म्हटलं की सुटलो.
वरच्या त्याच्या खोलीला कुलूप आहे. आज अंगणात गेलो, पण तिच्या खिडकीकडे पाहिलं नाही.

११ फेब्रुवारी
आदेश, चार ओळी. सवयीने मोठ्याने वाचला. कोणीतरी मागोमाग म्हणत होतं, एक शब्द मागे राहून — पाठांतराला धाकटा म्हणायचा तसं. थांबलो. तेही थांबलं, एका शब्दानंतर.
नात चहा घेऊन आली. "झालं पाठांतर? मागचं पान राहिलं. नुसते शिक्के असतात — नक्कल कोणी मागितली, कधी. ते कोणी वाचत नाही."

१२ फेब्रुवारी
वाचलं. निकालानंतर नवव्या दिवशी मागितलेली. मागणाऱ्याचं नाव धाकट्याचं. खाली सही, शेवटच्या अक्षराची शेपटी तशीच, तुटलेल्या पतंगासारखी.
पुस्तकातलं पत्र काढून नातीच्या हातात दिलं. म्हटलं, परिच्छेद नऊ खोटा आहे.
मग वर जाऊन खोली उघडली. झाडून घेतली.