दोर धरणाऱ्याचं नाव

खामगाव,
ता. १२ जानेवारी १९३८

प्रिय इंद्रभान यास शेषरावचा रामराम.

तू खुशाल असशील, झुंबरमायचे गुडघे थंडीत त्रास देत नसतील, आणि यंदा वावरातली कापसाची पऱ्हाटी बरी पिकली असेल, असं धरून चालतो.

पत्राला उशीर झाला. कारण विचारशील तर कारण नाही. कागद दसऱ्यालाच आणून ठेवला होता, पण शाई नव्हती. शाई आणली, तर रुखमाबाईनं (मी जिच्या खानावळीत माडीवर राहतो ती) 'हात बाहेर धुवा' अशी पाटी मागितली आणि शाई त्या पाटीत गेली. पाटी झकास झाली. हात अजून सगळे आतच धुतात. मग दिवाळी आली, मग अकोल्याला एक काम निघालं, तिथून मूर्तिजापूर, तिथून एका सर्कसवाल्याबरोबर उगीच यवतमाळ. सर्कशीत एक अस्वल होतं, ते चहा प्यायचं. त्याचं पुढं कधी सांगेन. आज बसलो, कारण रविवारी सभा आहे आणि त्याआधी तुला दोन ओळी लिहिल्या पाहिजेत.

आपल्या धंद्यातल्या लोकांनी मिळून एक मंडळ काढलंय, 'वऱ्हाड जाहिरात व्यावसायिक मंडळ'. भिंती रंगवणारे, सडकेच्या कडेला फलक उभे करणारे ठेकेदार, सिनेमाच्या तंबूची वर्दी देत फिरणारे, सगळे त्यात आले. कार्यकारी मंडळाच्या पाच जागा आहेत आणि उमेदवार नऊ. आता उमेदवारच सगळे जाहिरातवाले, तेव्हा खामगावची काय दशा झाली असेल ते तूच समज. उत्तमराव भोंगेवाले टांग्यात उभे राहून ओरडत जातात, "आज, उद्या आणि परवा, फक्त तीन दिवस, उत्तमराव." त्यांना सिनेमाची सवय, त्याला ते तरी काय करतील. पंजाबराव ठेकेदारांनी स्वतःचं तोंड पत्र्यावर छापून आणलंय आणि ते पत्रे टांग्यांच्या मागं ठोकलेत. खाली लिहिलंय, 'ऊन, पाऊस, वारा, कशानेही न उडणारे पंजाबराव.' त्याखाली कोणीतरी कोळशानं लिहून गेलं, 'रंग दोन सालांत जातो.' ते मी लिहिलं नाही. अक्षर वाईट होतं.

मागच्या आठवड्यात शेगावहून वरवटकडं गेलो होतो. सडकेवर आपली चहाच्या जाहिरातीची भिंत अजून आहे. कपबशी उडून गेली, पण अक्षरं उभी आहेत. तिथं सावलीला बसून भाकर खाल्ली. एक म्हातारा मेंढरं घेऊन चालला होता, त्याला म्हटलं, बाबा, ही भिंत आम्ही लिहिली. तो म्हणाला, "बरं केलं. काय लिहेल हाय?" एवढी वर्षं तो तिच्यावरून जातोय.

आणि सोनाळ्याची पहिली भिंत आठवते का? तेल्याच्या घराची मागची बाजू, साबणाची जाहिरात. चौथीतून शाळा सोडून आपण पेंटर झालो होतो आणि रंगात डिंक किती घालावा ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. तू म्हणालास, "घाल अजून, चिकटला पाह्यजे." सकाळी जाऊन पाहतो तर गावच्या गाई अर्धी भिंत चाटून गेलेल्या. साबणाचा नुसता 'ण' उरला होता. तुझी झुंबरमाय काठी घेऊन आली, ती गाईंना मारायला की आपल्याला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग तिथंच खाली बसून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्यानंतर किती भिंती झाल्या. नांदुरा, जळगाव, पिंपळगाव. माथ्यावर कप्पी, कप्पीतून दोर, एका टोकाला माझी फळी आणि दुसरं टोक खाली कशाला तरी एक वेढा देऊन तुझ्या हातात. मी वर शीळ घालत लिहायचो आणि तू खालून माझी अब्रू काढायचास. "बे शेष्या, 'ह'चं पोट सुटून राह्यलं. बाळंतीण हाय का ते?" मग मी पोट आवळायचो. भिंतीला नाक लावून बसलेल्या माणसाला अक्षर दिसत नसतं, ते तू पाहायचास.

हेच किसनराव म्हणाले. किसनराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, आपल्यातलेच, जुने भिंतवाले. आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून स्वतः उमेदवार नाहीत. पहिल्याच बैठकीत त्यांनी नियम घातला. पेंटर उमेदवार असेल तर त्याला अनुमोदन त्याचा दोर धरणाऱ्यानंच द्यायचं. त्यानं भरसभेत उभं राहून सांगायचं, "याचा दोर मी धरला, याचं नाव मी धरतो." दुसरं कोणी चालणार नाही.

पंजाबराव म्हणाले, "मंग आमच्यासारख्यायनं काय करावं? आमी तं कधी चढलोच नाही."

"तुमी पैशावर चढले," किसनराव म्हणाले. "तुमच्यासाठी कोनीबी उभा राह्यला तरी चालते."

सगळे हसले, पंजाबरावही हसले. पण तो माणूस हसला की मला जरा जपून राहावंसं वाटतं. त्यांचा ठराव लिहून तयार आहे. सडकेवरच्या सगळ्या भिंती मंडळानं घ्यायच्या आणि त्यांच्यावर मुंबईहून येणारे पत्र्याचे फलक ठोकायचे. म्हणजे रंग नको, कुंचा नको, खिळे मारणारा एक गडी पुरे. पाचांत एक भिंतवाला बसला तर निदान 'नाही' म्हणायला एक तोंड राहील. बाकीचे पेंटर पंजाबरावांच्या कामावर आहेत, त्यांना बोलता येत नाही. मी कोणाच्याच कामावर टिकत नाही, म्हणून मला येतं. एवढ्यासाठी किसनरावांनी माझं नाव घातलं.

हो, मी उमेदवार आहे. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, पण अस्वल मधे आलं.

आणि अर्जात एक रकाना होता, दोर धरणाऱ्याचं नाव. तिथं मी लिहिलं, इंद्रभान तुळशीराम, मुक्काम सोनाळा. मंडळाचं कार्ड तुला मिळालं असेलच. तुझं उत्तर आलं नाही, आणि का यावं? विचारायचं मी, ते मंडळानं विचारलं. तू मनात म्हणाला असशील, हा शेष्या मेला की जिता ते दोन सालांत कळलं नाही, माझ्या लग्नाला बोलावलं तर आला नाही, आणि आता सरकारी नोटिशीसारखं कार्ड पाठवतो.

पंजाबराव परवा स्वतः माडीवर आले. म्हणाले, "शेषराव, ज्यानं पाडलं त्याचंच नाव काऊन लिहिलं तुमी? तो कोन्या तोंडानं येईन?" मग म्हणाले, "माझा गडी पुंजाजी हाय. माझ्या कापसाच्या जिनाच्या भिंतीवर तुमी घडीभर चढा, तो दोर धरते. मंग सभेत तो उभा राहिला तं कोन खोटं म्हनते? नियम बी राह्यला, तुमी बी राह्यले." बदल्यात काही मागितलं नाही. ते नंतर मागणार, एवढं मलाही कळतं.

तरी मी गेलो, इंद्रभान. काल सकाळी गेलो. पुंजाजी भला माणूस आहे, मनगट तुझ्या दुप्पट. फळीवर बसलो, त्यानं ओढलं. दारावरच्या कमानीइतका वर गेलो असेन आणि मी दोन्ही हातांनी दोराला अशी मिठी मारली की कुंचा खाली पडला. "काय झालं, भाऊ?" तो खालून विचारतोय. खाली घे म्हटलं. उतरलो. रंग पातळ झालाय म्हणून सांगितलं आणि निघून आलो.

आता लिहितोच आहे तर सगळं लिहितो. मलकापूरच्या भिंतीनंतर मी दोरावर चढलोच नाही. गावोगाव सांगत फिरतो, उंच भिंतींवर अक्षराला मजा नाही, माणसाच्या उंचीची भिंत बरी. लोकांना ते पटतं. चांगला पेंटर लहरी असतो असं त्यांना वाटतं. मी दुकानांच्या पाट्या करतो, दारांवर गणपती काढतो, शिडीच्या तीन पायऱ्यांपलीकडं जात नाही. एका गावात फार दिवस राहिलो की कोणीतरी उंच भिंतीचं काम घेऊन येतं, म्हणून गाव बदलतो. तुला वाटलं असेल, शेष्या मजेत भटकतोय. अर्धं ते खरंच आहे.

मलकापूरचं आपण दोघं कधी बोललो नाही. पिंपळावरचं आग्यामोहोळ उठलं. तुझ्या डोळ्यांवर माश्या बसल्या आणि तुझे हात तोंडाकडं गेले. लोखंडी खांबाला एकच वेढा होता, तो सुटला. यात काय बोलायचं? माझे हातही तोंडाकडंच गेले असते. मी पाय मोडून दवाखान्यात होतो, तिथं झुंबरमाय रोज भाताची पेज आणायची आणि म्हणायची, "तो बाहेर निंबाखाली बसला हाय, आत ये म्हनलं तं येत नाही." तुझं तोंड सुजून डोळे मिटले होते म्हणे. मी पडल्या पडल्या वाट पाहायचो. एक दिवस मी मायला म्हटलं, नाही येत तर राहू दे. रागानं नव्हतं म्हटलं, पण ते बाहेर तुझ्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी निंबाखाली कोणी नव्हतं.

काल त्या कमानीपाशी लोंबकळताना मला एक कळलं. मला वाटायचं, मी उंचीला भितो. तसं नाही. मला खाली पाहिलं की तिथं तू लागतोस. दुसऱ्या कोणाच्या हाती दोर देऊन मला वर बसता येत नाही. पंजाबराव म्हणतात त्यानं पाडलं, ते खरंच आहे. पण त्याआधी सात-आठ सालं माझा जीव तुझ्या मुठीत होता आणि मी वर बसून शीळ घालत होतो, तेही खरं आहे. दुसरं नाव त्या रकान्यात मी लिहिणार नाही. रविवारी किसनराव पुकारतील, कोणी उठलं नाही तर माझं नाव गळेल, पत्रे ठोकले जातील. ते मला लागेल. तुझ्या जागी पुंजाजी उठला, तर त्याहून जास्त लागेल.

ये असं म्हणत नाही. कापसाचे दिवस आहेत, संक्रांत परवावर आली. नुसतं कळवतो, की

इथं थांबावं लागलं. रुखमाबाईनं खालून हाक मारली, "शेषराव, सोनाळ्याहून कोनी बाई आल्या." मला वाटलं झुंबरमाय. उतरलो तर एक अनोळखी तरुण बाई, डोक्यावर पदर, अंगावर वाटेची धूळ, पायरीशी उभी.

"तुमीच शेषराव भाऊजी?"

हो म्हटलं.

"मी कोकिळा. त्यायच्या घरची." तुझं नाव काही तिनं घेतलं नाही. "कापसाच्या गाड्या घेऊन आलो. ते नाक्यावर गाडीपाशी बसले हायेत. म्हनाले, तू आंधी जाऊन पाहून ये, त्याचा पाय कसा हाय."

रुखमाबाई तिला चहा द्यायला लागली, पण ती बसेना. म्हणाली, "जरा चालून दाखवता का?" मी अंगणात विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो. जमेल तितकं सरळ चाललो. ती पाहत होती.

"लंगडता तुमी," ती म्हणाली.

"हाव."

"त्यायले सांगू?"

"सांगा. काहीच लपवू नका."

पोस्टाचं तिकीट वाचलं. हे पत्र तिच्याच हाती देतोय, चहा होईस्तोवर ह्या ओळी लिहून घेतल्या. बैलांना चारा टाक, वाचायला तुला वेळ लागतो तेवढा घे. मी खानावळीच्या दारात उभा आहे.

तुझा, अजून जमिनीवरच असलेला,
शेषराव