पाचवीचा कागद

आई, तू आया होतीस ते प्रसूतिगृह बंद पडून आता तिथं अभ्यासिका झालीय. बारामतीच्या बाजारातली तीच दगडी इमारत, त्याच उंच खिडक्या. पाळण्यांच्या जागी टेबलं आलीत आणि स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी माना खाली घालून वाचत बसतात. त्यांत तुझी नातही आहे. ज्या खिडकीखाली तिचा पाळणा होता, तिथंच तिला जागा मिळाली. मुंग्या अजून येतात. परवा लेक म्हणाली, "आई, हितं कुणी खात न्हाय, मग मुंग्या कशाला?" दवाखान्याआधी ती गुळाची वखार होती, हे तिला काय माहीत! भिंतींनी पिलेला गूळ तुझ्या काळातही पुरून उरला होता. उन्हाळ्यात तू पाळण्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचीस. आणि बाळाच्या पाचवीला उशाशी कोरा कागद आणि पेन्सिल, सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून. माझ्या लेकीच्या वेळी डॉक्टरीणबाई भडकल्याच. "मावशी, हा दवाखाना आहे, देऊळ नाही!" तू वाटी पुसत शांतपणे म्हणालीस, "कागद कोराच हाय की, बाई. तिनं न्हाय लिवलं तर तुमी लिवा." बाईंनीही हट्टानं त्याच कागदावर टॉनिक लिहून दिलं. टाके दुखेपर्यंत मी हसले. पोरीच्या नशिबात टॉनिकच, म्हणून पुढं कितीतरी दिवस तुला चिडवलं. तू हसली नाहीस. घरी येऊन गुपचूप दुसरा कागद ठेवलास.

उद्या तिची परीक्षा आहे, वयाच्या अटीत बसणारी शेवटची. मागच्या वेळी थोडक्यात हुकली तेव्हा ती रडली नाही, नुसती जेवायची थांबली. मला त्याचीच भीती वाटते. आज भवानीनगरहून एसटीनं डबा घेऊन गेले आणि डब्यासोबत एक कोरा कागद आणि टोक केलेली पेन्सिल तिच्या टेबलावर ठेवली. "हे कशाला गं?" "गणितं करायला," मी म्हणाले. तिनं लगेच पेन्सिल उचलली, आणि माझा हात आपसूक कागदावर गेला. "आज नको. आज कोराच राहू दे." तिनं कागदावरची मुंगी फुंकून उडवली आणि तो तसाच खिडकीत ठेवला.

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तूही नाहीस, त्यामुळं हे पत्र कुठं जायचं नाही. सटवाईवर माझा अजूनही विश्वास नाही, आई. पण आज मला हसू आलं नाही.