ढावलोची रंगीत तालीम

मु. तांडा, गोरेगावजवळ,
ता. सेनगाव, जि. हिंगोली

सौ. सपनाताईस,

धाकट्या पल्लवीचा नमस्कार. तिकडं बाळापूरला तुझी तब्येत, रविंद्रभाऊजींची तब्येत आणि त्यांच्या जीपची तब्येत कशी आहे? (तिघांत जीपची काळजी जास्त, कारण मागच्या फोनला तू निम्मा वेळ तिच्या क्लचबद्दलच बोललीस.) इकडे आम्ही सगळे जिवंत आणि ठणठणीत आहोत. हे वाक्य रीत म्हणून लिहिलेलं नाही. यंदा ते मुद्दाम लिहावं लागतंय, का ते पुढं येईलच. फोन सोडून पत्र काहून, असं तू विचारशील. फोनवर आपण दोघी रडायला लागतो आणि मग रेंज गेली असं एकमेकींना सांगून फोन ठेवतो. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं. शिवाय आपण घरात बोलतो गोरमाटी आणि लिहितो मराठी, त्यामुळं पत्रात मी जरा शहाणी वाटते. खाली याडी आणि बापू, म्हणजे मराठीतले आई-वडील, जे बोलतील ते मी मराठीत आणून लिहिलंय, तू ते मनात परत आपल्या भाषेत करून घे.

तर झालं असं. आमच्या कॉलेजात यंदा माहितीपटांची स्पर्धा निघाली. विषय, आपल्या जिल्ह्याची संस्कृती. सर म्हणाले की ही संस्कृती शेवटचे श्वास घेऊन राहिली आहे, ती जायच्या आत तिचं चित्रण झालं पाहिजे, आणि त्यानंतर वर्गात एखादा पेशंट ॲडमिट असल्यासारखी धावपळ सुरू झाली. आमच्या गटात तिघं. प्रज्ञेश कनेरगाव नाक्याचा, मास्तरांचा मुलगा, तो दिग्दर्शक. दिग्दर्शक झाल्यापासून तो दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून जग बघतो. नाक्यावरच्या ढाब्यात समोर आलेली शेवभाजीसुद्धा त्यानं आधी चौकटीतून बघितली आणि मग खाल्ली. दुसरी आफिफा. तिचे मामू हिंगोलीत लग्नांची शूटिंग करतात, म्हणजे कॅमेरा त्यांचा, म्हणून कॅमेरावाली ती. खरं सांगायचं तर आमच्यात कामाचं माणूस तेवढं एकच. आणि तिसरी मी, लेखन, संशोधन, चहा आणि पडेल ते काम.

विषयावरून आमची आठवडाभर भांडणं झाली. प्रज्ञेश जे सुचवायचा ते कुणीतरी आधीच यूट्यूबवर टाकलेलं निघायचं. शेवटी एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्यात ढावलो असतो. मग ढावलो म्हणजे काय ते समजावून सांगणं आलं. मी म्हटलं, आमच्या बंजाऱ्यांत लग्न झालेली पोरगी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते, पण नुसतं रडत नाही. चालीत रडते. तिला काय सोडून जावं लागतंय, कुणी तिला काय दिलं, कुणी काय द्यायचं राहून गेलं, ते सगळं त्या रडण्यात शब्दांनी येतं, आणि समोरचीही तसंच चालीत उत्तर देते. प्रज्ञेशची चौकट हवेतच थांबली. आफिफा म्हणाली, आमच्यात पण रडतात, पण इतका हिशोब करून नाही. बस, विषय ठरला. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की आपल्या घरात हा विषय काढणं म्हणजे काय. (ताई, तू हिंगोलीला पेपर आहे म्हणून गेलीस आणि दोन हार, तीन साक्षीदार आणि एका सहीत लग्न करून मोकळी झालीस. याडीचा ढावलो तसाच राहिला. हा मी दोष देत नाही, नुसती नोंद केली.)

तयारीचं काय सांगू. प्रज्ञेश आणि आफिफा पहिल्यांदा तांड्यात आले तेव्हा प्रज्ञेशच्या हातात पॅड आणि पेन होतं. घरात कोण कोण, जुनं काय काय आहे, असं तो दारोदार विचारायला लागला आणि अर्ध्या तासात तांड्यातली संस्कृती गायब झाली. लोकांना वाटलं घरकुलाचा सर्वे आला. पितळी भांडी पोत्याखाली गेली, चांदीचे दागिने तर कुणाच्या सात पिढ्यांत नव्हतेच, आणि शंकरसिंग नाईकांनी आपली नवी मोटरसायकल शेजाऱ्याची आहे असं शपथेवर सांगितलं. मी घरोघर जाऊन समजूत घातली तेव्हा सगळं हळूहळू परत बाहेर आलं. पण घागरा-फेटियाचा आरसेवाला पेहराव काही निघेना. आजकाल अंगावर कुणाच्या आहे तो? सगळ्या आपल्या साड्यांतच. प्रज्ञेशनं हिंगोलीतून शाळांच्या गॅदरिंगला भाड्यानं देतात तसला एक ड्रेस आणला. तो गरब्याचा निघाला. आपल्या बाया तो बघून इतक्या हसल्या, की त्या दिवशी रडण्याची तालीम करणं शक्यच नव्हतं.

खरी अडचण पुढं आली. रडायला कुणी तयार होईना. नको म्हणत होत्या असं नाही, त्यांचा प्रश्न साधा होता, कोण चाललंय? कुणीच चाललेलं नाही, ही तालीम आहे, असं म्हटलं की त्या म्हणायच्या, मग कुणाच्या गळ्यात पडायचं? ढावलोला समोर गळा लागतो, हवेत होत नाही. प्रज्ञेश म्हणाला, कल्पना करा. एका म्हातारीनं त्याला सांगितलं की बाबा, तू कल्पना करून जेव, मग मी कल्पना करून रडते. शेवटी नवरी म्हणून मला बसवलं, डोक्यावरून ओढणी घेऊन, आणि समोर याडी. ती तयार कशी झाली ते मला अजून कळलेलं नाही. बापू गोरेगावच्या बाजारात गेलेले होते, हे एक कारण असावं. तिनं आधी चूल झाकली, हात धुतले, पदर नीट केला आणि माझ्या गळ्यात पडली.

ताई, आता मी विनोद थोडा वेळ बाजूला ठेवते. मला वाटलं होतं ती माझं नाव घेईल. तिनं तुझं घेतलं. पहिला लांब सूर लागला, आणि मग ती म्हणाली की सपना, तुझ्यासाठी पेटीत ठेवलेली चोळी उंदरानं खाल्ली नाही, मी ती दर सणाला उन्हात घालते. सपना, तू गेलीस त्या दिवशी मी भाकरी बांधून दिली, ती पेपरासाठी दिली होती, सासरी जायला दिली नव्हती. असं बरंच. तिचं वजन सगळं माझ्या खांद्यावर होतं. आणि ती मधे मधे थांबायची. तिथं नवरीनं उत्तर द्यायचं असतं ना. मला येत नाही. आजीजवळ बसून तू शिकलीस, मी तेव्हा गाईड पाठ करत होते. मी नुसती हुंदके देत बसले, ते चालीत नव्हते. तेवढ्यात प्रज्ञेश कट म्हणाला आणि याडीला थोडं डावीकडे सरकून रडा, तोंडावर सावली येतेय, असं सांगायला लागला. आफिफानं त्याच्या पायावर पाय दिला. तिनं लग्नंच इतकी बघितलीत, की निघायच्या वेळी कॅमेरा नवरीवर नाही तर आईवर ठेवायचा हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

इथं माझी करामत सुरू होते. आवाज कसा आलाय ते बघायला आफिफानं सुरुवातीचा तुकडा, नुसत्या सुराचा, शब्दांच्या आधीचा, मला मोबाईलवर पाठवला. मी तो प्रज्ञेशला पाठवायला गेले आणि तो गेला आपल्या 'राठोड परिवार' ग्रुपवर. (बापूंनी तुला त्यातून काढलंय, नाहीतर तूही धावत आली असतीस. या निमित्तानं तरी तू आली असतीस, असं आता वाटतं.) वर एक शब्द लिहिलेला नाही. लग्नाची तिथ नाही, घरात लग्न नाही, आणि याडी कुणाच्या तरी ओढणी घेतलेल्या डोक्याला धरून आकांत करतेय. नातेवाइकांनी काय समजायचं?

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा तांड्याच्या तोंडाशी जीप थांबली आणि तिथूनच रडण्याचा सूर आला. हरिचंदमामा, मामी आणि मागं गाडीभर बाया. आता आपली रीत तुला माहीतच आहे, आधी रडायचं, मग विचारायचं. दारात पाय ठेवताच कोण गेलं म्हणून विचारणं म्हणजे पोलिसासारखं दिसतं. मामीला वाटत होतं आपल्या घरात कुणी गेलं. याडीनं मामीला रडत येताना बघितलं आणि तिला वाटलं मामाच्या घरात कुणी गेलं. ताट सोडून ती धावली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून एकमेकींच्या न मेलेल्या माणसासाठी जीव तोडून रडत होत्या, आणि दोघींपैकी एकीलाही विचारता येत नव्हतं. मागच्या बाया डोळे पुसत घरात कोण दिसत नाही ते मोजत होत्या. मी दिसले, शेजारीपाजारी दिसले, बापू तेवढे दिसेनात. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि सूर आणखी चढला. प्रज्ञेश अर्धी भाकरी हातात घेऊन आफिफाला म्हणत होता की चालू कर, चालू कर. तिनं कॅमेरा पिशवीत घातला आणि पिशवीवर बसली.

आणि तेवढ्यात बापू मोटरसायकलवर आले, पुढं टाकीवर बैलांच्या ढेपेचं पोतं. आपल्या दारात ही गर्दी बघून त्यांनी गाडी स्टँडला लावली नाही, तशीच सोडून दिली. पोतं फुटलं. मामानं त्यांना बघितलं आणि तो दोन पावलं मागं सरला. बापूंनी कुणाकडे बघितलं नाही, सरळ याडीजवळ आले, आणि त्यांच्या तोंडून एवढंच आलं,

"सपनीला काय झालं?"

ताई, दोन वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं नव्हतं. मामीनं याडीच्या गळ्यातले हात काढले. कुणालाच काही झालेलं नाही हे कळायला, माझा मोबाईल हातोहात फिरायला आणि मला सगळ्यांच्या शिव्या खायला बराच वेळ गेला. मग मामीनं हसायला सुरुवात केली, मग चहा झाला, मग आलोच आहोत तर म्हणून स्वयंपाक झाला. बापू मात्र ढेप गोळा करत अंगणातच बसले होते.

पाहुणे गेल्यावर ते आफिफाजवळ आले आणि म्हणाले, पोरी, काय येवढं काढलं ते मला दाव. तिनं त्यांच्या डोक्यावर, टोपीवरूनच, ते मोठे हेडफोन लावले. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं, परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. मग हेडफोन काढून तिला म्हणाले, "हे आर्धंच हाय. पोरगी काहीच बोलून न्हाई राहिली यात." आणि शेताकडे निघून गेले.

तर असा आमचा माहितीपट आईच्या बाजूनं तयार आणि नवरीच्या बाजूनं कोरा आहे. मी याडीला म्हटलं, मला शिकव, मी उत्तरं पाठ करते, परत बसू. तर ती म्हणाली, "तुझं तुझ्या टायमाला. हे सपनीचं व्हतं, काढून ठेवलेलं." त्यावर दिग्दर्शकानंही बोटांची चौकट मोडली. मी विचार करते की संस्कृती शेवटचे श्वास घेतेय असं सर म्हणतात, पण आपल्या घरात ती तर पदराला गाठ मारून चांगली दोन वर्षं वाट बघत बसली आहे. तिला मरायची काही घाई दिसत नाही.

भाऊजींना नमस्कार. पत्र वाचून झालं की रडून घे, पण फोन करू नकोस.

तुझी,
पल्लवी

ता.क. एवढं लांबण लावायचं कारण असं, की येत्या रविवारी उरलेली शूटिंग आहे आणि नवरीच्या बाजूचं बोलायला तू पाहिजेस. दुसरं कुणी चालणार नाही, दिग्दर्शकाचं तसं स्पष्ट म्हणणं आहे. रोजची साडी नेसून ये. तो गरब्याचा ड्रेस परत गेला.

ता.क. २. बापूंनी विचारलं की शूटिंग म्हटल्यावर सामान असंल, गाडी लागत असंल ना. मी म्हटलं, लागते. तर म्हणाले, "मंग त्या बाळापूरच्या गाडीवाल्यालाच घेऊन ये म्हनाव तिला. दुसऱ्याची काहून करायची?" मी हे जसंच्या तसं लिहिलं आहे, भाऊजींना वाचून दाखव.

ता.क. ३. हे मला लिहायचं नव्हतं, पण पाकीट चिकटवायच्या आत लिहून टाकते, कारण तुला खोटं सांगून बोलावणं माझ्याच्यानं होत नाही. स्पर्धेची तारीख मागच्याच आठवड्यात गेली. प्रज्ञेशनं नाक्यावरच्या ढाब्याबद्दलच घाईघाईत काहीतरी शूट करून पाठवून दिलं आणि कॅमेरा मामूंकडे परत गेला. याडीला यातलं काही माहीत नाही. बापूंना मी तारीख गेली त्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू शूटिंग हाय म्हनूनच लिव्ह. न्हाई तर मला बलावणं करावं लागंल." म्हणून वरचं सगळं तसं लिहिलं. तेव्हा रविवारी तू आलीस की कॅमेरा कुठंय असं कुणाला विचारू नकोस.