पिवळ्या कार्डाची तिसरी ओळ

१४ जून २००३, भामरागड

ओपीडीत आज एकशे अकरा माणसं! त्यातली खरी आजारी वीस असतील. बाकी सगळ्यांना 'आठ हजारवाला डॉक्टर' पाहिजे.

चूक माझीच. परवा बाजारात कौतुकाने सांगत बसले – आमच्या दवाखान्यात आलेले डॉ. उर्स स्वित्झर्लंडचे, हिमालयात सात मोहिमा नेलेले, तीनदा आठ हजार मीटर चढलेले. बाजार ओलांडेपर्यंत 'चढलेले'चं 'चढवलेले' झालं. आणि इकडे डॉक्टर चढवतो ती एकच वस्तू – सलाईनची बाटली! आठ हजार बाटल्या चढवलेला माणूस म्हणजे काय साधासुधा? एक म्हातारी दंड उघडा करूनच आत आली. "मले दोनच चढवा जी, जास्त नोको." डॉ. उर्स तिची जीभ, डोळे तपासून त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "बाटली नको. पाणी प्या." म्हातारी जाताना माझ्याकडे बघून थुंकली.

बाबूभाई कंपाउंडर हसून हसून बेजार. त्यांना तर नावापासूनच मजा वाटतेय. "उर्स? कोनत्या बाबाचा उर्स आहे म्याडम, वडशा गावाले कव्वाली ठेवू का?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, त्यांच्याकडे उर्स म्हणजे अस्वल. तेव्हापासून गिरजाबाई त्यांच्या खोलीत झाडायला जाताना आधी खोकते.

१७ जून

सिकलसेलचं पहिलं शिबिर. जीव गेला समजावता समजावता! रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हे माझ्या मराठीतून गिरजाबाईच्या माडिया बोलीत जाईपर्यंत त्याचं काय होतं देव जाणे. आई-बाप दोघांकडून दोष आला तर आजार, सांधे ठणकत राहणार – लाल कार्ड. एकाकडूनच आला तर नुसता वाहक – पिवळं कार्ड. पिवळंवाल्याला बहुधा जन्मभर पत्ताही लागत नाही.

कोणी बोट पुढे करेना. शेवटी आमचीच गिरजाबाई कमरेवर हात ठेवून उभी – "पयले तुमचं काढा बाई. मंग माहं." केलं बोट पुढे. बाबूभाईंनी टोचलं, नळीवर १ लिहिलं. नुसतं दाखवायला. मग गिरजाबाईचा नंबर २, आणि मग रांगच लागली. सदुसष्ट झाले!

मी बाहेर बडबड करत होते, नळ्या आत डॉ. उर्स एकटे बघत होते. नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, नाही दिसल्या तर शंका. पक्कं नागपूरची लॅबच सांगणार. तोवर कोणाला चकार शब्द सांगायचा नाही, असा त्यांचा नियम.

१९ जून

कार्डांवरून वाजलं.

छापखाना दूर आलापल्लीला, रस्ता कधी बंद होईल नेम नाही, म्हणून पिवळी कार्डं मीच हाताने लिहितेय. तीन ओळी. एक – पाणी भरपूर प्या. दोन – लग्नाआधी समोरच्याचं कार्ड बघा. तीन – फार उंच पहाडावर जाऊ नका.

तिसरी ओळ वाचली आणि गिरजाबाई खाली बसून हसली. "पहाडावर कोन जाते जी? बकऱ्या?" तिने ती माडियात सांगितली तर अख्खी रांग हसली. मीही हसले. डॉ. उर्सना म्हटलं, ही ओळ काढू. इथे लोक भामरागडहून आलापल्लीला जाताना दहादा विचार करतात. यांना कशाला हिमालयाची भीती? हात माझा दुखतोय!

"ती ओळ राहील." एवढंच. वर बघितलंसुद्धा नाही.

दीडशे कार्डं झाली. दीडशे वेळा 'फार उंच पहाडावर जाऊ नका'. शाळेतली शिक्षा बरी.

२ जुलै

अर्ज डॉ. उर्स यांच्या टेबलावर ठेवला. पुढच्या वसंतात त्यांच्या जुन्या क्लबची मोहीम नेपाळात जातेय. नवा नेता, नवी माणसं, आणि दुसऱ्या डॉक्टरची एक जागा रिकामी. हे मला सांगितलं कोणी? त्यांनीच, आल्याच्या दुसऱ्या दिवशी! "तू का अर्ज करत नाहीस?" म्हणाले होते. मनालीचा गिर्यारोहणाचा कोर्स ए ग्रेडमध्ये झालाय, पासपोर्ट आहे, बाबांची हो आहे. आई फोनवर म्हणाली, "मले का समजते बाई त्यातलं. पन खाली पाहू नोको." फक्त डॉ. उर्स यांची सही हवी. अर्ज तीस सप्टेंबरच्या आत तिकडे पोचला पाहिजे.

आज सही मागितली तर म्हणाले, "नंतर."

आणि भलतंच विचारायला लागले. घरात कोणाचे सांधे दुखतात? म्हटलं, आईचे. आमच्या सावली गावात जन्मभर धानाच्या बांधीत उतरून रोवणं करणाऱ्या कोणत्या बाईचे दुखत नाहीत? त्यांनी मान डोलावली आणि अर्ज खणात टाकला.

९ जुलै

पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर. रस्ता बंद. नमुन्यांची पेटी कालच्या शेवटच्या जीपने गेली म्हणून बरं.

२१ जुलै

आज पुन्हा विचारलं. "नागपूरचा रिपोर्ट येऊ दे."

अरे, नागपूरच्या रिपोर्टचा आणि माझ्या अर्जाचा काय संबंध? आधी काम पुरं कर, मग बक्षीस – असंच ना? मी काय पाचवीतली पोर आहे? आणि रिपोर्ट येणार कुठून? पोहत?

सराव मात्र सोडायचा नाही. भामरागडात चढण म्हणून एकच – पाण्याच्या टाकीची शिडी. पाठीवर पंधरा किलो तांदूळ, सकाळी वीस फेऱ्या. बघायला बायका जमतात. गिरजाबाई खालून ओरडते, "बाई, वरते का ठेवलं हाय?" तिला काय सांगू!

२२ जुलै

चोवीस फेऱ्या. रागाने.

३ ऑगस्ट

औषधांचे भिजलेले खोके उन्हात उलगडत होतो. दोन दिवसांनी ऊन पडलं होतं. डॉ. उर्स आपणहून बोलले, इंग्रजीत, गोळ्यांची पाकिटं पुसत पुसत.

त्यांची शेवटची मोहीम, १९८४. मार्को नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा, सगळ्यांत दणकट. साडेसहा हजारांवर त्याला डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. नेते हेच, डॉक्टरही हेच. म्हणाले गॅस असेल, गोळी दिली. हवा चांगली होती, शिखर दोन दिवसांवर होतं, म्हणून त्याला खाली न पाठवता तंबूत ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. खाली आणून तपासलं तर प्लीहा पार सडलेली. मार्को वाहक होता. त्याची आजी सिसिलीची, तिच्याकडून आलेलं. घरात कोणाला माहीतही नव्हतं. नुसता वाहक असलेल्याला खाली काही होत नाही, पण तितक्या उंचीवर प्राणवायू कमी पडला की त्याच्याही पेशी वाकतात.

"त्याला ती तिसरी ओळ कोणी लिहून दिली नव्हती," म्हणाले. त्यानंतर ते कधी चढले नाहीत. त्या मुलाच्या रक्ताच्या मागे मागे फिरत इथवर आलेत.

त्यांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि मीच पुसलं.

पण आता लिहिताना पुन्हा डोकं सणकतंय. वीस वर्षांपूर्वी ते चुकले, त्याचं प्रायश्चित्त मी का घेऊ? एकाला वर ठेवला म्हणून आता कोणालाच वर जाऊ देणार नाहीत?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. जिलेबी नाही. साखर नदीच्या पलीकडे.

२६ ऑगस्ट

आज बोलले. सगळं बोलले. बाबूभाईंसमोर बोलले.

म्हटलं, तुम्हाला सही करायची नसेल तर तोंडावर सांगा. धानपट्ट्यातली काळी पोरगी तुमच्या गोऱ्या क्लबात कशी शोभेल, हेच ना? मी कुठून आलेय माहीत आहे का तुम्हाला? आमच्या सावलीला उंच म्हणजे बांधीची धुरी, गुडघाभर मातीचा बांध! नजर जाईल तिथवर सपाट. मी बर्फ पहिल्यांदा पाहिला तेविसाव्या वर्षी आणि रडले. कोर्समधल्या पोरी हसल्या मला. त्यानंतर मला दुसरं काही नको झालंय. लग्नाची तीन स्थळं परत पाठवली. बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही, आणि तुम्ही एक सही अडवून बसलात!

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता ओरडतील. तर म्हणाले, "नूतन, पूर उतरू दे." आणि छत्री न घेता बाहेर गेले. पावसात!

बाबूभाई म्हणाले, "म्याडम, मानूस वाईट नाई. सबर करा."

सबर! दोन महिने तेच चाललंय.

५ सप्टेंबर

दोघांत बोलणं बंद. पेशंटपुरतं. गिरजाबाई इकडचा निरोप तिकडे करते आणि त्यात स्वतःचं घालते.

११ सप्टेंबर

पूल उघडा पडला! चिखलात गिट्टी टाकून राह्यले म्हणे. उद्या डाक. अजून एकोणीस दिवस आहेत, पोचतो अर्ज. उद्या सही घेतल्याशिवाय त्यांना टेबलावरून उठू द्यायचं नाही.

१२ सप्टेंबर

जीप अकराला आली. पोतडीत वर्तमानपत्रांचा लगदा, आईचं पत्र, आणि नागपूरचं जाड पाकीट.

मी अर्ज खणातून काढून त्यांच्यापुढे ठेवला, वर पेन. टोपण काढून ठेवलं होतं. त्यांनी पेन उचललं नाही. पाकीट फोडलं, यादी बराच वेळ बघितली आणि माझ्याकडे सरकवली. "तू वाच. नंबराने."

लिहून घ्यायला बाबूभाई रजिस्टर घेऊन बसले. मी भराभरा वाचत सुटले. लवकर आटपून सही घ्यायची ना! "एक – वाहक. दोन – वाहक. तीन – ठीक. चार – ठीक." मग बाबूभाईंना म्हटलं, "दोन म्हणजे आपली गिरजाबाई. पिवळं काढा तिचं. आणि एक कोण हो?"

बाबूभाईंनी पेन खाली ठेवलं. रजिस्टरवर हात ठेवून बसून राहिले.

मीच विचारलं. मोठ्याने विचारलं – एक कोण हो!

डॉ. उर्स म्हणाले, "ती नळी मी त्या दिवशी तीनदा पाहिली. मागची रेघ दिसली नाही. नागपूर मला चूक ठरवेल म्हणून वाट बघत होतो. रोज बघत होतो." मग म्हणाले, "मी दुसऱ्यांदा कोणाला वर ठेवणार नाही."

पेनाचं टोपण लावलं. बाहेर रांग होती. पन्नास पेशंट तपासले. आईचं पत्र अजून फोडलं नाही. ती सांध्यांचंच लिहिणार, आणि आज ते माझ्याच्याने वाचवणार नाही.

१३ सप्टेंबर

कार्डं वाटली. पहिल्या पिवळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं – नूतन रामाजी खोब्रागडे. बाकी सगळं जूनमध्ये माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. गिरजाबाईने आपलं कार्ड माझ्याशेजारी धरलं, दोन्हींचा रंग पाहिला, आणि तिन्ही ओळी पुन्हा वाचायला लावल्या. तिसऱ्या ओळीला ती हसली नाही. मग म्हणाली, "बाई, टाकीवर चढाले तं चालते ना?"