एकशे अठ्ठावीस सेकंद

१० फेब्रुवारी, मंगळवार

घडलं ते असं—

१. रविवारी गोरक्ष आणि त्याचे आईवडील दुसऱ्यांदा आमच्याकडे आले. पोहे मागच्या महिन्यात झाले होते. या वेळी साखरपुड्याची तारीख ठरायची होती.
२. येताना त्याने लॅपटॉप आणला. मीच मेसेज करून आणायला सांगितलं होतं.
३. त्याचं ग्राफिक्स कार्ड ४०७०. माझं ४०६०. पहिल्या भेटीत तो म्हणाला होता की त्याचं जास्त वेगवान. मी म्हणाले होते, मोजल्याशिवाय नाही.
४. दोन्ही लॅपटॉप हॉलमधल्या टेबलावर ठेवून एकच थ्रीडी चित्र रेंडर केलं, म्हणजे आराखड्यावरून पूर्ण तयार करून घेतलं. माझ्यावर ७२ सेकंद लागले. त्याच्यावर १२८.
५. काल संध्याकाळी मी नकार कळवला.

याशिवाय काही घडलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आई बोलत नाही. बाबांनी एकदाच विचारलं, कारण काय. विचार जुळत नाहीत, असं सांगितलं. हे उत्तर सगळ्यांना चालतं.

खरं कारण इथे लिहिते. कार्डाच्या नावावरून काहीच कळत नाही. त्याला वीज किती मिळते, त्यावर वेग ठरतो. पातळ लॅपटॉपमध्ये ती कमी ठेवलेली असते, मग मोठ्या नंबरचं कार्डही मागे पडतं. गोरक्ष अंबडला एका वर्कशॉपमध्ये डाय, म्हणजे साचे, डिझाइन करतो. रोज त्याच मशीनवर बसतो. तरी त्याने मोठा आकडा बघितला आणि वेगवान म्हणून टाकलं! न मोजता बोलणाऱ्या माणसाबरोबर मला राहता येणार नाही.

हे सगळं मी त्याला समजावूनही सांगितलं. सगळ्यांसमोर. त्याची आई, यशोदाबाई, आधी कौतुकाने म्हणाल्या होत्या, "लय भारी घेतलाय पोरानं." आणि सावळीराममामा— आईचे चुलतभाऊ, स्थळ त्यांनीच आणलेलं— ओरडले, "घ्या! साठीनं सत्तरीला पाडलं की!" हॉल हसला. पहिला गोरक्षच हसला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसला जाताना द्वारकेच्या सर्कलला बस अडकली. रविवारचंच आठवत राहिलं. जाताना त्याने माझा जादाचा चार्जर नीट गुंडाळून हातात दिला होता. "हे तुमचं." त्याचा स्वतःचा वर्कशॉपवर राहिला होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. आईबाबा पहाटेच त्र्यंबकेश्वरला गेले. मला चल म्हणाले नाहीत.

दुपारी मामा आले. साबुदाण्याची खिचडी खाता खाता सांगत होते— यशोदाबाईंनी मुलाला खोदून विचारलं, पोरीला काही उलटं बोललास का. तो म्हणाला, "काही नाही, माझाच अंदाज चुकला." आणि वर, मुलगी खरं बोलणारी आहे म्हणाला.

बरोबरच आहे त्याचं. अंदाज चुकलाच होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात नवा लॅपटॉप आला. गोरक्षकडे आहे तोच, तेच कार्ड. शेजारच्या टेबलावरच्या वैष्णवीला मिळाला. मी माझं तेच चित्र त्यावर लावलं. अंदाज होता, १२८ च्या आसपास.

६३.

पुन्हा लावलं. ६३. माझ्यापेक्षा पुढे.

मग फरक शोधला. लॅपटॉप तोच, चित्र तेच, सेटिंग तेच. फक्त चार्जर वेगळा— वैष्णवीचा विटेएवढा, लॅपटॉपबरोबर आलेला. मी पिशवीतून माझा काढला. लहान, टाइप-सी, ज्यावर मी फोनही चार्ज करते. त्या रविवारी गोरक्षला दिलेला हाच. तो लावला. पडद्यावर एक चौकट आली: चार्जर कमी शक्तीचा आहे, वेग कमी राहील.

१२६ सेकंद.

ही चौकट मी पाहिली होती. आमच्या हॉलमध्ये. त्याने ती वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बंद केली. मला वाटलं, अपडेटची असेल.

वैष्णवी म्हणाली, "अगं, फास्ट आहे ना? मग लग्न मोडल्यासारखं तोंड का केलंयस?" तिला काहीच माहीत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं— मोजण्याआधी जोडणी तपासा. मी तपासली नाही. चार्जर माझा होता, म्हणून तो बरोबरच असणार, असं धरून चालले. न मोजता.

तो बोलला का नाही? मी त्याच्या जागी असते तर लगेच म्हणाले असते, ही चाचणी धरता येणार नाही. त्याला मात्र ते माझ्या वडिलांसमोर, मामांसमोर म्हणावं लागलं असतं: यांनी दिलेला चार्जर कमी पडतोय. ते त्याने टाळलं. मामांच्या विनोदावर हसला आणि माझं वीज-वॅटचं सगळं भाषण ऐकून घेतलं. जे मी समजावत होते, ते त्याच्या समोरच्या चौकटीत आधीच लिहिलेलं होतं!

चाचणी लॅपटॉपची होती. नापास मी त्याला केलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तिघांनाही सांगितलं. मामांना घरी बोलावून घेतलं होतं. आकडे सांगितले, चार्जर टेबलावर ठेवला.

बाबांनी चार्जर उचलून त्यावरचे आकडे वाचले. आई म्हणाली, "एकदा नाही म्हटल्यावर मुलीकडच्यांनी परत जायचं नसतं." मामा चिडले. "चार्जरवरून मोडायचं आणि चार्जरवरूनच जोडायचं, मी लोकांना काय तोंड दाखवू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुवर्णा, आता राहू दे. येत्या रविवारी ते चांदवडला मुलगी बघायला चाललेत."

मी मामांना निरोप न्यायला सांगितलं. ते नाही म्हणाले. त्यांच्या बाजूने ते बरोबर आहेत.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. माझा शेवटचा मेसेज: "लॅपटॉप आणा." खाली त्याचं उत्तर: "आणतो. हरलो तर चहा तुम्ही करायचा."

चहा आईने केला होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. सकाळी त्याला मेसेज पाठवला. जसाच्या तसा इथे उतरवते.

"गोरक्ष, मी सुवर्णा. ८ तारखेची चाचणी चुकीची होती. चार्जर माझा होता आणि तो कमी पडत होता. तुम्हाला ते दिसलं होतं. मला सोमवारी कळलं. योग्य चार्जरवर तुमचं कार्ड माझ्यापुढे आहे, ६३ ला ७२. हे मी घरी सगळ्यांना सांगितलं आहे. मी नकार त्या चुकीच्या आकड्यावरून दिला होता. तो मागे घेते. तुम्हाला काय वाटतं ते मामांकडून नको, तुमच्याकडून हवं आहे. रविवारी तुम्ही चांदवडला जाणार असं कळलं. कृपया शनिवार, २१ तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवा."