बंगईवरची बास गिटार

२ एप्रिल १९८९, रविवार. जळगाव

शाळेमागच्या भिंतीशी प्रमिला आणि मी डस्टर झटकायचो. भुसावळचं कॉन्व्हेंट, आम्ही आठवीत. ती भिंतीवर डस्टर आपटायची — ठप्प, ठप्प — आणि मी त्याखाली जाड्या आवाजात हुं-हुं करायचे. पापण्यांवर खडूची भुकटी. सिस्टर खिडकीतून विचारायच्या, डस्टर स्वच्छ होतायत की तुम्ही घाण होताय? बस, इतकंच. किती वर्षांत आठवलं नव्हतं! आज आठवलं, कारण आज प्रमिला धुळ्याहून आली आणि येताना एक भलीमोठी बास गिटार घेऊन आली!

तिच्या महिला मंडळाचा ऑर्केस्ट्रा आहे. सगळ्या बायका. पेटी आहे, ढोलकी आहे, गाणाऱ्या आहेत, बास नाही. कुठल्याशा मोडलेल्या पार्टीची ही गिटार तिने मिळवली.

"शाळेत तो डबल बास कोण वाजवायचं, वच्छे? स्टुलावर उभी राहून?"

मी. दुसरं कुणी त्याच्या वाटेला जात नव्हतं म्हणून.

"मग यंदा अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, तूच वाजवायचंस."

अगं, छप्पन्न वर्षांची आहे मी! सकाळी डाव्या हाताची मूठ मिटत नाही. खांदा आखडलेला, अंबाडा घालताना डोळ्यांत पाणी येतं.

"नाही जमलं तर बँडवाल्या तोतारामला बसवीन," प्रमिला म्हणाली. "मग कसला बायकांचा ऑर्केस्ट्रा म्हणा."

आठ बायकांत एक मिशीवाला! मी हो म्हणून बसले.

३ एप्रिल

उचलली. ठेवली.

४ एप्रिल

पुन्हा उचलली. पट्टा कसला, नाडी आहे नुसती! खांद्यात रुतते. आणि हिची मान इतकी लांब की हात सोडला की दाणकन खाली. डाव्या हाताने मान सावरू की तार दाबू?

भागाबाई भांडी घासता घासता उठून आली. "हाई काय शे ओ बाई? कितलं जड शे!" तिनेही गळ्यात घालून पाहिली. दोघी हसत सुटलो.

हे पेपरामागून म्हणाले, "भाजीची पिशवी मला उचलायला लावतेस, आणि हे धूड गळ्यात?"

७ एप्रिल

सावद्याला नणंदेच्या बागेत माणसं केळीचा घड खांद्यावर घेतात, तेव्हा खाली वाळक्या पानांची गादी घेतात. ते आठवलं आणि पलंगाची जुनी नवार उसवली. चांगली चार बोटं रुंद. आतून गोधडीचा तुकडा शिवला. मशीनची सुई मोडली, पण पट्टा झाला! गोधडी पदराला घट्ट धरते, त्यामुळे मानही कमी घसरते. आरशात पाहिलं. फौजदार दिसते.

१० एप्रिल

तारा फार उंच होत्या, दाबता दाबता बोटांना कळ लागायची. तारा जिथे टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू पिळून पिळून खाली घेतल्या. अति झालं! पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा आवाज. परत थोड्या वर.

आणि आज तर फारच हुशारी केली! तारा एक सूर सैल केल्या, मग मानेवरच्या दुसऱ्या पट्टीवर पेन्सिल आडवी ठेवून सायकलच्या ट्यूबने करकचून बांधली. सूर होता तिथे आला आणि हात फार लांब न्यायला नको. पुढच्या पट्ट्या जवळ जवळ आहेत, माझ्या आखूड बोटांजोग्या. सिस्टर असत्या तर वहीवर लाल स्टार दिला असता.

१३ एप्रिल

गाढवपणा! घरातल्या झोपाळ्याच्या, आमच्या बंगईच्या, कड्यांना घालते तेच तेल तारांना चोपडलं. बोटं कशी सुळकन पळतील, म्हटलं. पळाली! पण आवाजच गेला. ओल्या गादीला धोपटल्यासारखं भद्-भद्.

१४ एप्रिल

प्रमिलाला फोन केला. तिने तोतारामला विचारलं. (नेमकं त्यालाच!) त्याचा निरोप: तारा सोडा घालून उकळा.

सगळ्या काढल्या, गुंडाळल्या, पातेल्यात टाकल्या. हे वाटी-चमचा घेऊनच आत आले. "आज शेवया?" झाकण उचललं. मग वाटी मुकाट्याने जागेवर ठेवली.

आवाज परत आला. खणखणीत!

२० एप्रिल

खांदा रात्रभर ठणकला. डॉक्टर म्हणाले, वजन अजिबात घ्यायचं नाही. गादी लावा नाहीतर पिसं लावा, वजन ते वजनच.

म्हणजे तोताराम.

२१ एप्रिल

प्रमिलाला कळवायचं होतं. धीर होईना. बंगईवर बसून शेवटचं म्हणून थोडं वाजवत होते. दूधवाल्याने बेल वाजवली. उठताना गिटार ठेवू कुठे म्हणून पट्टा बंगईच्या दोन्ही कड्यांत अडकवला. दूध घेतलं, गॅसवर ठेवलं, परत येऊन बसले आणि तशीच लटकलेली वाजवायला घेतली.

वजनच नाही! खांदा मोकळा! मान खाली जात नाही! डावा हात फक्त तार दाबतो, बाकी सगळं बंगई बघते. मी ओरडलेच. हे बाथरूममधून साबणाच्या तोंडाने, "काय झालं? काय झालं?"

दूध उतू गेलं. जाऊ दे!

२३ एप्रिल

प्रमिला फोनवर: "स्टेजवर बंगई कुठे टांगू, माझ्या डोक्याला?"

मग एकदम सुचलं — अगं, आखाजी आहे! माहेरवाशिणींसाठी तुमच्या मंडळाच्या अंगणात कडुनिंबाला झोका बांधता ना दरवर्षी? मग स्टेज हवाच कशाला? ऑर्केस्ट्राच झाडाखाली बसवा!

पलीकडून हसू. आठवीतलं हसू, तेच, नाकातून येणारं.

८ मे. आखाजी. धुळे

वाजवलं!!

तोताराम स्वतः झाडावर चढला, दोर बांधले, फळी घट्ट केली. मी वर तोंड करून हात जोडल्यावर तो मिशीतून म्हणाला, "काकू, आधी बसा तर खरं, मंग हात जोडा."

पहिलं गाणं पाय टेकवून, घाबरत. दुसऱ्याला अंगण माहेरवाशिणींनी भरलं. तिसऱ्याला कुणीतरी मागून ओरडलं, "झोका देवा ना काकूले!" आणि दिला! मी पुढे-मागे, गिटार माझ्याबरोबर, आणि तिची स्पीकरला जाणारी वायर हातात धरून तोताराम मागे-पुढे धावतोय! प्रमिला हसून पेटीवर आडवी. ढोलकी चुकली. मी नाही चुकले. झोका मागे जायचा तेव्हा जाडी तार, पुढे यायचा तेव्हा बारीक. वारा, निंबाचा मोहोर, पायाखाली जमीन नाही.

हे पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवत नव्हते. नुसते बघत होते, लग्नात बघितलं होतं तसे.

९ मे

बोटं सुजली आहेत. पेन धरवत नाही. फार सुख.

१३ मे. जळगाव

सावदा, यावल, रावेर, मग शिरपूर. लग्नघरच्या बायकांची बोलावणी आली आहेत, महिनाभराची! झाड त्यांचं, झोका त्यांचा. तोताराम विचारायला आला, वायर धरायला ठेवाल का? ठेवला. उद्या सकाळी टेम्पो येतोय.

तेव्हा: घराची एक किल्ली शेजारच्या सुनंदाबाईंना. कैऱ्या आणि मसाला त्यांनाच. लोणचं त्यांनी घालावं, अर्धं त्यांचं. दुपारी पडायला मधली खोली भागाबाईला, पंख्यासकट. शिवणाचं मशीन तिच्या लेकीला, रेशमाला, शिकून होईपर्यंत.

यांना स्वयंपाकघर. सगळंच्या सगळं.